ती उसण नव्हती

मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले, एवढंच माझं कर्तृत्व. पण आमच्याकडं तेवढ्यावर माणसाला जन्मभराचं काम लागतं. कुणाच्या कमरेत उसण भरली की तो आमच्या अंगणात येऊन पालथा पडायचा आणि मी त्याच्या कमरेला पाय लावायची. लाथ नाही, नुसता पाय. मग तो उठून कंबर इकडंतिकडं वळवून बघायचा आणि म्हणायचा, "लई हलकं वाटतंय." खरंच वाटायचं का, देव जाणे. खेळ सोडून यावं लागायचं म्हणून मी चिडलेली असायची आणि कधीमधी जरा जोरातच पाय द्यायची. वीज कडाडायला लागली की हीच माणसं मला घरात कोंडायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणे. कंबर दुखली की मी देवी, आणि आभाळ भरून आलं की मी संकट.

माझ्या पायावर सगळ्यात जास्त विश्वास माझ्या थोरल्या बहिणीचा. कुणी पावणा कंबर धरून आला की तीच मला शोधायला पळायची. मी झाडावर असले तर खाली ओढायची.

पुढं ताई लग्न होऊन आणे गावाच्या पठारावर गेली आणि मी नारायणगावात. मुलं शाळेत जायला लागली तेव्हा मी मसाज थेरपीचा वर्ग लावला. येडगाव धरणाच्या अंगाला आणि मढच्या बाजूला रिसॉर्टं झाली आहेत, तिथं असं काम मिळतं असं ऐकलं होतं. सासरी नाकं मुरडली गेली. "लोकांची अंगं चोळणार का आता?" मी म्हटलं, लहानपणापासून लोकांच्या कमरांवर पाय देतेय, आता हात लावीन, एवढाच फरक.

मला वाटलं होतं पहिल्या दिवशी तेलाची बाटली हातात देतील. मॅडमनी भिंतीवर माणसाचं चित्र टांगलं. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू, त्यातून दोन्ही बाजूंनी फुटलेल्या नसा, पार बोटांच्या टोकापर्यंत. कित्येक आठवडे तेल नाहीच, नुसतं ते चित्र. शेतात ठिबकची मेन लाइन आणि तिच्या नळ्या अंथरतात तसंच काहीसं, असं मी मनाशी धरलं. फरक एवढाच, की इथं वाहतूक दोन्हीकडं. काही तंतू कातडीवरची बातमी वर नेतात, गरम, गार, टोचलं, चेपलं. काही वरून हुकूम खाली आणतात, पाय उचल, मूठ आवळ. आणि तिसरी एक व्यवस्था आपल्याला न विचारता चालते. धावायला, भांडायला, छाती धडधडायला तिचा एक भाग, अन्न पचायला आणि झोप लागायला दुसरा. चांगल्या हाताखाली माणूस घोरायला लागतो तो ह्या दुसऱ्यामुळं. हे मला इतकं आवडलं की घरी भाकरी थापताना मी सासूबाईंना ऐकवायची. त्या म्हणायच्या, "तवा बघ आदी."

मज्जारज्जू कमरेच्या जरा वरच संपतो, हे मला माहीत नव्हतं. त्याच्या खाली नुसत्या नसांचा झुबका लोंबतो. त्याला घोड्याचं शेपूट म्हणतात. मॅडम तिथं बराच वेळ थांबल्या. ह्या झुबक्यावर मणक्यातली गादी सरकून दाबली गेली, तर कळ पायात उतरते, बसायच्या जागेची कातडी बधिर होते, लघवी अडते किंवा आली तरी कळत नाही. "असा माणूस तुमच्या टेबलावर आला तर तेल बाजूला ठेवायचं," त्या म्हणाल्या. "त्याला चोळायचं नाही. त्याच दिवशी ऑपरेशन होईल अशा दवाखान्यात पोचवायचं. उशीर झाला तर त्या नसा परत जाग्या होतील याची खात्री कुणी देत नाही."

मी ते लिहून घेतलं. परीक्षेत हाच प्रश्न आला आणि मी तो छान सोडवला. शनिवारी परीक्षा संपली आणि रविवारी सकाळी मी ताईकडं गेले. तसं आधीच ठरलेलं होतं.

अंगणात पोचले तर ताई घोंगडीवर पालथी पडलेली. भोवती शेजारच्या दोघीतिघी. ओसरीवर सासरे, आणि दारात दाजी पिकअपमध्ये कांद्याच्या गोण्या भरत होते. मला बघून ताईची सासू म्हणाली, "आली बाय. दोन दिस झालं, कांद्याच्या चाळीत माल टाकताना उसण भरली हिला. तुजीच वाट बघत व्हती. लाव पाय."

मी चप्पल काढलीसुद्धा होती. सवयच ती. पण आधी खाली बसून ताईच्या पोटरीवरून हात फिरवला, वर्गात फिरवायचो तसा. डाव्या पायाला हात लावला तशी ती कळवळली. उजव्या पायाच्या बाहेरच्या अंगाला चांगलं चेपलं तरी ती काही बोलेना. तळव्याला नख लावलं, तरी काही नाही.

"ताई, इथं हात लागतोय का?"

"कुठं?"

बायकांना मी पाणी तापवायला, हळद आणायला असं काहीबाही सांगून आत घालवलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. लघवीला गेली होतीस का, विचारलं. ती घोंगडीत तोंड खुपसून म्हणाली, "कालपासनं बसते नुसती. सुटली का नाय त्येच कळत नाय गं. आन् बसल्यावर खाली जमीन हाय का पाट, त्ये बी उमजंना. कुणाला बोलू नगंस. माजी शपथ हाय तुला."

"मला फोन का नाही केलास?"

"तुजी परीक्षा व्हती ना. म्हटलं, रईवारी येतीच हाय. तू पाय लावला की जाईल."

तोपर्यंत ताईच्या सासूबाई आणि शेजारणी परत बाहेर आल्या होत्या. मी उठले आणि म्हटलं, "आत्या, मी पाय लावणार नाही. हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय."

"आत्ता ग बया! उसणीला दवाखाना? साऱ्या गावाची उसण काडलीस, आन् सख्ख्या बहिणीला पाय लावाया जड झाला?"

"शिकली ना," शेजारीण म्हणाली.

दाजींनी गोणी खाली ठेवली. ते मुळात शांत माणूस. म्हणाले, "ह्ये बगा, गाडी भरत आलीय. आज माल जाऊ द्या. उद्या सकाळी दावू डाक्टरला. एक दिसानं काय व्हतंय?"

मला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. मी डॉक्टर नव्हते. अजून निकालही लागायचा होता. पुण्याला नेऊन काही निघालं नाही तर मला पठारावर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि खरं कारण सांगायला तोंड उघडावं तर ताईची शपथ. ती मान वळवून माझ्याकडं बघत होती. तिला कळलं होतं मी काय करणार ते. ती मानेनं नाही नाही म्हणत होती.

मी सांगितलं. ओसरीवर तिचे सासरे असताना, शेजारणी असताना, मोठ्यानं. "दाजी, तिला कालपासून लघवी कळत नाही. बसायची जागा बधिर झालीय. उद्यापर्यंत थांबलो तर ते जन्मभराचं होईल."

सासरे ओसरीवरून उठून घरात गेले. ताईनं पदर तोंडावर ओढून घेतला. दाजी पिकअपमध्ये चढून स्वतः भरलेल्या गोण्या खाली फेकायला लागले. एक गोणी फुटली, कांदे अंगणभर गेले, कुणी उचलले नाहीत. आम्ही पिकअपमध्ये गादी टाकली, चौघांनी ताईला घोंगडीसकट उचलून वर घेतलं. वाटभर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि प्रत्येक खड्ड्याला दाजींवर ओरडत होते, जणू रस्ता त्यांनीच केला होता.

नारायणगावच्या डॉक्टरांनी तपासून लगेच पुढं पाठवलं. पुण्यात मशीनमध्ये घातलं, फोटो निघाले आणि संध्याकाळपर्यंत तिला ऑपरेशनला आत घेतलं. नंतर डॉक्टरांनी आम्हाला बोलावून फोटोवर ती सरकलेली गादी दाखवली. मी चित्रात पाहिली होती अगदी तशी. त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?" दाजी म्हणाले, दोन दिवस. "शुक्रवारीच का नाही आणलं?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. पठारावरची दुसरी कुठलीही बाई कळ सोसवेना तशी शनिवारी दवाखाना गाठती. हिला पायाळू बहीण होती, म्हणून ही थांबली. याला कुणी माझी चूक म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. पण रात्रंदिवस ते माझ्या मनातून जात नाही.

ताई आता काठी घेऊन चालते. पायांत ताकद आली आहे, डॉक्टर त्याला मोठं यश म्हणतात. उजवं पाऊल घासतं. लघवीसाठी नळी वापरावी लागते, ती तिची ती शिकली. पाटावर बसलेलं अजून कळत नाही. कितीतरी महिने ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. चारचौघांत मी जे बोलले ते तिला ऑपरेशनपेक्षा जास्त लागलं होतं. मग एकदा तिनं स्वतःच फोन केला, "रईवारी मोकळी हाईस का?"

तेव्हापासून मी जाते. डॉक्टरांना विचारून घेतलंय. तेल कोमट करते आणि तिच्या पावलापासून सुरुवात करते. सर्टिफिकेट मिळाल्यापासून मी रिसॉर्टवर काम करते, माझ्या हाताखाली परकी माणसं झोपी जातात. ताई झोपत नाही. उशीला टेकून बसते आणि माझ्या हातांवर नजर ठेवते. हात घोट्याकडं गेले की तिची नजर घोट्याकडं जाते.

परवा मी म्हटलं, "डोळे मीट की जरा. पड निवांत."

तिनं मिटले. मी उजवा तळवा चोळत होते, चांगला दाब देऊन. थोड्या वेळानं तिनं दचकून डोळे उघडले आणि माझा हात आपल्या पायावर आहे का ते बघून घेतलं.

"नगं गं," ती म्हणाली. "डोळं मिटलं की तू उठून गेल्यागत वाटतं."