नागपंचमीला सोडलेल्या माश्या

पिंपळीच्या झुंबर आबांनी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून एकतीस वर्षं काढली. उसातली कीड मारणारे मित्रकीटक तिथं वाढवत. आबा सातवी नापास. पण तिळाएवढी गांधीलमाशी भिंगाखाली धरली की तिचं कूळ सांगत. एक माशी किडीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते, दुसरी जिवंत अळीच्या अंगात, तिसरी कोषात. पंखावर एक शीर जास्त निघाली तरी कूळ बदलतं, हे ते जेवता जेवता सुनेला, विजयमालेला, समजावत. भावकीतले चेष्टा करत, "आबा, हिची सोयरीक कुठं जुळती?" आबा नुसते हसत.

निवृत्तीनंतरही ते पोखरलेल्या उसाच्या कांड्या घरी आणत, त्यातल्या अळ्या बरणीत ठेवत आणि तोंडाला मलमलीचं फडकं बांधत. एका पावसाळ्यात बरणीत निघालेली माशी कुठल्याच कुळात नीट बसेना. पुण्याच्या संशोधक बाईंनी तिचा फोटो पाहून कळवलं, आजवर नोंद नसलेली जात असू शकते; पण एकट्या नरावर काही ठरत नाही, माद्या हव्यात. आबा दीड महिना शिवार तुडवत राहिले. शेवटी त्याच उसात पिवळट पडलेल्या अळ्या घावल्या, त्या त्यांनी बरणीत ठेवल्या. ह्यातनंच ती निघणार, अशी त्यांची खात्री होती.

नेमकी तेव्हाच वालचंदनगरला त्यांची बहीण आजारी पडली. जाताना ते विजयमालेला बजावून गेले, बरणी सावलीत ठेव, फडक्याला हात लावू नको.

नागपंचमी आली. त्या दिवशी विजयमाला विळी धरत नसे, चुलीवर तवा ठेवत नसे. कुठल्या जिवाला इजा नको. वारुळाला दूध-लाह्या वाहून ती घरी आली, तर बरणीत दहा-बारा माश्या काचेवर धडका घेत होत्या. आजच्या दिवशी घरात जीव कोंडलेले तिला बघवेनात. आबांची माशी त्यांच्या डबीत जपलेली आहेच, ह्या वरकड, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं फडकं सोडलं. शेवटची माशी उडेपर्यंत हात जोडून उभी राहिली.

दोन दिवसांनी आबा परतले. तिनं आपणहून सगळं सांगितलं. आबांनी रिकामी बरणी उजेडाकडं धरली.

"मागं लांब नांगी हुती का?"

"व्हय आबा. केसावानी."

"म्हंजी माद्याच हुत्या." त्यांनी बरणी हळूच खाली ठेवली. "तू देवाचं म्हनून केलंस पोरी. तुला काय बोलायचं?"

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

पुढची दोन वर्षं कांड्या फोडत तीच उसातून हिंडली. पानांनी हात कापले. तऱ्हेतऱ्हेच्या माश्या निघाल्या, त्यांची कुळंही तिला ओळखू येऊ लागली. ती माशी मात्र पुन्हा निघाली नाही. आबांची नजर पार मंदावली. औंदा त्यांनीच तो एकटा नर पुण्याला पाठवायचं काढलं आणि चिठ्ठी तिला लिहायला लावली. गाव पिंपळी, पीक ऊस, गोळा करणारा झुंबर गेणू. जातीपाशी तिचा हात थांबला.

"हितं काय लिहू, आबा?"

"मोकळं ऱ्हाऊ दे. दुसऱ्या कुनाला मादी घावली, तर तो भरंल."

तिनं मोकळं ठेवलं, डबीभोवती कापूस गुंडाळला, आणि आबांना दिसणार नाही हे माहीत असूनही तोंड फिरवून डोळे पुसले.