अकरा ओळींचा महिना

दवाखान्याच्या तळघरात धुलाईखातं होतं आणि तिथं ती बावीस वर्षं चादरी मोजत होती. मोजायची कशी, तर नुसत्या अंगठ्यानं. घड्यांच्या कडेवरून अंगठा फिरवला की सांगणार, अडतीस. उघडून बघा, अडतीसच. असं मोजणारं माणूस त्या अख्ख्या इमारतीत दुसरं नव्हतं, हे छातीठोक सांगावं. वरच्या मजल्यावरच्या पदवीवाल्यांत तर नव्हतंच नव्हतं. खात्यात तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. थोरला भाऊ तेवढा छकुली म्हणायचा. चाळिशी उलटली तरी छकुलीच.

खाली यंत्रांचा आवाज असा, की कानात बोळे घालून काम करायचं आणि हातवाऱ्यांनी बोलायचं. दोन बोटं म्हणजे दोन गाठोडी. मूठ म्हणजे थांबा. दिवसभरात तोंड उघडायचं ते जांभईपुरतं. खोलीवर गेली की तिथं तर हातवारे करायलाही कुणी नाही.

म्हणून वर नोंदणीच्या खिडकीवरची जागा निघाली तेव्हा तिनं अर्ज केला. खिडकीपुढं रांग असते. कुणी नाव सांगतं, कुणी नंबर विचारतं, कुणी उगाच कुरकुरतं. तिला ती कुरकुर हवी होती. अट एकच होती, संध्याकाळच्या वर्गात सांख्यिकी शिकून पास व्हायचं. थोरल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यानं गावभर सांगितलं, "बहीण सांख्यिकी करते!" सांख्यिकी म्हणजे काय असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "ते तुम्हाला नाही झेपायचं." त्याला स्वतःला कुठं माहीत होतं. पण बहीण करते म्हणजे ती काहीतरी जबरदस्तच गोष्ट असणार, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

वर्गातलं शेवटचं काम असं होतं. आपल्या रोजच्या जगण्यातलं काहीतरी महिनाभर मोजायचं आणि त्याची सरासरी, मध्यक, बहुलक काढायचं. मध्यक म्हणजे आकडे चढत्या रांगेत उभे केले की मधोमध येतो तो, आणि बहुलक म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणारा. वर्गातल्या बेकरीवाल्यानं रोज करपणारे पाव घेतले. टॅक्सीवाल्यानं लाल सिग्नल घेतले. चादरींचे आकडे बाहेर न्यायला बंदी होती, म्हणून तिनं घेतलं, रोज किती माणसं आपल्याशी बोलली. नियमही नीट घालून घेतला. कामाचं बोलणं धरायचं नाही. "ट्रॉली सरका" हे बोलणं नव्हे. राँग नंबरही नव्हे.

महिना झाल्यावर तिनं वही सरांपुढं ठेवली. सरासरी तीन.

सरांनी चष्मा वर केला. "बाई, महिना तीस दिवसांचा ना? इथं ओळी अकराच."

"अकराच दिवस बोलणं झालं, सर."

"आणि बाकीचे एकोणीस?"

"त्या दिवशी काही आलं नाही."

"मग लिहिलं का नाही?"

तिला प्रश्नच कळला नाही. धुलाईखात्याची रीतच तशी होती. ज्या वॉर्डातून गाठोडं आलं त्याचीच ओळ वहीत पडायची. आलं नाही त्याची ओळ कशाला? कागद का फुकट येतो? बावीस वर्षं तिनं न आलेलं काही लिहिलंच नव्हतं.

"अहो, शून्य हासुद्धा आकडा आहे," सर म्हणाले. "तो गाळलात तर सरासरी खोटी पडते. आणि हा अठरा कोण हो? सगळे एक, दोन, फार तर तीन, आणि मध्येच अठरा?"

"त्या दिवशी माझा दादा आला होता."

"एक दादा म्हणजे अठरा माणसं?"

"तुम्ही त्याला बघितलं नाही, सर."

वर्ग हसला. तीही हसली. पण खरं होतं ते. थोरल्यानं त्या रविवारी तिच्या इमारतीतल्या एकेका दाराची बेल वाजवली होती. "ही माझी बहीण! तुमच्या शेजारी राहते आणि तुम्हाला पत्ता नाही? अहो, माणूस आहे की हिरा!" लोक "हो का, छान," म्हणाले होते. दोन शब्द तिच्याशीही बोलले होते. मग दारं लागली.

"हा आकडा धरून एकदा करा आणि सोडून एकदा करा," सर म्हणाले. "उद्या सहाला वह्या हव्यात. एकमेकांच्या वह्या एकमेकांनी तपासायच्या आहेत."

तिनं वही मिटली. म्हणजे परक्या माणसानं तिचे एकोणीस दिवस वाचायचे. आणि वही दिली नाही तर पास नाही, खिडकी नाही. पुन्हा तळघर, कानात बोळे.

खोलीवर येऊन तिनं पट्टीनं तीस ओळी आखल्या. आधी अकरा भरल्या. मग शून्यं काढायला बसली. सोमवार, शून्य. मंगळवार, शून्य. थोरला येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शून्य. सातव्या शून्याला हात थांबला. एका बुधवारी तिनं पेन्सिलनं एक लिहिला. कोण बघायला येणार होतं? खालच्या मजल्यावरची बाई बोलली असेल जिन्यात. का नाही बोलणार? मग शुक्रवारी दोन केले. महिना जरा माणसासारखा दिसायला लागला.

पण जिनं बावीस वर्षांत कधी एक चादर जास्त लिहिली नाही, तिला ते दोन आकडे दातात अडकलेल्या कुसळासारखे टोचायला लागले. तिनं खोडरबर घेतलं. कागद फाटेल इतकं घासलं, वर फुंकर मारली आणि दोन्ही ठिकाणी पेनानं शून्य काढलं. मग गणित केलं. सरासरी एक पूर्णांक एक दशांश. मध्यक शून्य. बहुलक शून्य. दादाचा दिवस सोडला तर सरासरी अर्ध्याहून किंचित जास्त. दिवसाला अर्धा माणूस.

दुसऱ्या दिवशी तिची वही बेकरीवाल्याकडं गेली. जाडजूड बोट प्रत्येक ओळीवर ठेवत तो पुटपुटत बेरीज करत होता. तिनं त्याच्या करपलेल्या पावांवर डोळे रोवले, पण एक आकडा डोक्यात शिरेना. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "बाई, बेरीज बरोबर. मध्यक बरोबर." मग आवाज उतरवून म्हणाला, "माझ्या ह्यात शून्य एकदाच आलं. भट्टी बंद होती त्या दिवशी." सही केली आणि वही दोन्ही हातांनी परत दिली.

आठवड्यानं निकाल लागला. पास, वर्गात तिसरी. म्हणजे खिडकी मिळणार. थोरल्याचा फोन आला.

"तिसरी? मी सांगतो ना, पहिल्या दोघांनी कॉप्या केल्या असणार! बोल, सरासरी किती आली?"

"एक पूर्णांक एक दशांश."

"आणि माझ्यामुळं किती वाढली?"

"निम्म्याहून जास्त, दादा."

"बघ! मी काय म्हणतो!" तो खदखदा हसला. मग काहीतरी उलगडल्यासारखा एकदम थांबला. "म्हणजे मी आलो नसतो तर?"

"अर्धा माणूस."

एरवी गावभर ऐकू जाणारा त्याचा आवाज हळू झाला.

"छकुले," तो म्हणाला, "मला सोडून का ग केलं गणित?"

"सरांनीच सांगितलं होतं. धरूनही केलंय, सोडूनही केलंय."

"मग शून्याच्या दिवशी काय करतेस तू?"

"जेवते. भांडं घासते. खिडकी लावून घेते."

"आणि?"

"आणि काय. दुसऱ्या दिवशी सातला ड्यूटी असते."