सासऱ्यांनी धुतलेलं ताट

सासूबाईंचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तो रविवार होता. करोनाची दुसरी लाट होती आणि कामाला येणाऱ्या मावशींना आम्हीच घरी थांबायला सांगितलं होतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, ताप कमी आहे, ऑक्सिजन चांगला आहे, घरीच वेगळ्या खोलीत ठेवा, आणि त्यांचं सगळं एकाच माणसानं करा.

आमचं घर सातपूर कॉलनीत. खाली तीन खोल्या, वर गच्चीवर एक खोली आणि संडास-बाथरूम. सासूबाई उशी, चष्मा आणि जपमाळ घेऊन वर गेल्या. खाली आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. नवऱ्याची कारखान्यात पाळी सुरू होती. माझी मुलगी पाच वर्षांची, ती दिवसभर मला चिकटलेली.

"वरचं मी बघतो," सासरे म्हणाले.

मला हसू आलं, ते मी मास्कमध्ये लपवलं. सासऱ्यांनी एका कारखान्यात छत्तीस वर्षं तपासणी विभागात काढली होती. केसाएवढी चूक त्यांना दिसायची. पण घरात पाण्याचा पेला कुठे असतो, हे त्यांना विचारावं लागायचं. त्यांना आदल्या वर्षी करोना होऊन गेला होता. दोन मास्क लावून, अंतर ठेवून करणार असतील तर चालेल, असं डॉक्टर म्हणाले.

सोमवारी सकाळी त्यांनी वहीचं पान फाडून यादी केली आणि जिन्याच्या भिंतीला चिकटवली. कडी, नळ, बटणं, कठडा, खुर्चीचे हात. जिथे जिथे हात लागतो ते सगळं. आधी साबणाच्या पाण्यानं पुसायचं, मग ब्लीचचं पाणी लावून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. बटणांवर फवारा मारायचा नाही, फडकं घट्ट पिळून फिरवायचं. ब्लीचचं पाणी रोज नवं करायचं, कालचं ओतून द्यायचं. ब्लीच मोजायला त्यांनी औषधाच्या बाटलीचं झाकण घेतलं आणि डोळ्यांच्या पातळीवर धरून थेंबा-थेंबानं ओतलं.

पहिल्या दिवशी जेवणाचं ताट त्यांनी गच्चीतल्या नळावर गरम पाण्यानं धुतलं. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. हातमोजे घालून ते इतका वेळ घासत होते की मला वाटलं, ताटाला भोक पडेल. शेवटी ते त्यांनी खिडकीसमोर उंच धरलं.

आतून सासूबाई म्हणाल्या, "अहो, जरा तिरपं करा. कडेला पिठलं आहे."

"एवढं चालतं. टॉलरन्समध्ये आहे."

"माझ्याकडे ते नसतं. परत घासा."

सासऱ्यांनी मुकाट्यानं परत घासलं. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचा माल परत पाठवणाऱ्या माणसाचा माल परत आला होता. मी चादरीच्या आड तोंड घालून हसले.

एकदा मात्र माझी पाचावर धारण बसली. संडास धुवायला ते एका हातात ब्लीच आणि दुसऱ्या हातात ॲसिडची बाटली घेऊन वर निघाले होते. "दोन्ही टाकलं की एकदम पक्कं काम," म्हणाले. मी जिन्यातच त्यांच्या आडवी झाले.

"बाबा, ही दोन एकत्र टाकायची नसतात. विषारी वायू होतो. त्या बाटलीवर लिहिलंय बघा."

त्यांनी चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली. मग मार्कर मागितला आणि दोन्ही बाटल्यांवर ठळक लिहिलं, "एकटीच वापरा." ॲसिडची बाटली त्यांनी खाली अंगणातल्या कपाटात नेऊन ठेवली.

भाजी मखमलाबादच्या मळ्यातून यायची, सासूबाईंच्या माहेरून. त्यांचे भाऊ पिशवी फाटकाला अडकवून लांबूनच हात करायचे. सासऱ्यांनी मेथी साबणाच्या पाण्यात बुडवायला घेतली तेव्हा वरून आवाज आला, "साध्या पाण्यानं धुवा. फेसाची भाजी खायची आहे का?" वर बसून त्यांना खालचं कसं कळायचं, देव जाणे.

पाचव्या दिवशी कपड्यांचा घोळ झाला. सासूबाईंचा आवडता जांभळा गाऊन सासऱ्यांनी ब्लीचमध्ये भिजवला. बाहेर आला तो पांढऱ्या डागांचा. त्यांनी तसाच, दोन्ही खांद्यांना धरून, खिडकीसमोर उभा केला.

"हे काय, बिबट्या का?" सासूबाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला. सासऱ्यांचा चेहरा पडला. "बोटाला लाव ते, आधी लाव," ते ओरडले. सासूबाईंनी बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. "सत्त्याण्णव," त्या धापा टाकत म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. तापानंतर त्या पहिल्यांदाच हसत होत्या. सासरे गाऊन हातात धरून तसेच उभे राहिले, आणि मग तेही हसले.

संध्याकाळी ते दाराबाहेर लांब खुर्ची टाकून चहा घेत बसायचे. खोलीच्या सगळ्या खिडक्या उघड्या. एकदा मी सुकलेले कपडे काढत असताना त्यांनी सासूबाईंना विचारलं,

"तू सकाळी किती वाजता उठतेस गं?"

"साडेचारला. तुमची पहिली पाळी असायची ना. मग तीच सवय राहिली."

"मला रिटायर होऊन नऊ वर्षं झाली."

"मला कुणी सांगितलंच नाही," सासूबाई म्हणाल्या.

मी कपड्यांच्या घड्या न घालताच खाली आले.

घरात आणखी कुणालाही लागण झाली नाही. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरले, मग सासूबाई न्हाऊन खाली आल्या. माझी मुलगी त्यांच्या कमरेला मिठी मारून सुटेचना. त्या सवयीनं ओट्याकडे वळल्या, तर तिथे सासरे चहाचं आधण ठेवून उभे.

"बस तू," ते म्हणाले. "साखर किती, तेवढं सांग."

त्या खरंच बसल्या.

टाळेबंदी उठून सगळं सुरळीत झाल्यावर एके दिवशी त्यांनीच विषय काढला. "मला आता सुट्टीची चटक लागली. चार दिवस माहेरी जाऊन येते." लग्नानंतर सणवार आणि लग्नकार्यं सोडून त्या अशा कधी गेल्या नव्हत्या. सासऱ्यांनी त्यांना स्कूटरवर मखमलाबादला सोडलं. चौथ्या दिवशी फोन आला. मळ्यात शेवंती फुलली होती, भावजयीनं थांबवून घेतलं होतं.

"आणखी दोन दिवस राहू का?"

"रहा की," सासरे म्हणाले. "इकडचं मी बघतो."