तिसरी गिटार

माझा एक दोस्त आहे, पाचोडचा. कॉलेजात असल्यापासून आमचं दोघांचं एकाच गोष्टीवरून वाजतं, आणि ती गोष्ट सांगितली तर लोक आम्हाला येड्यात काढतील. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा एक जुना रॉक बँड आहे. त्यातला जुना गिटारवाला भारी का त्याच्या जागी आलेला नवा भारी, एवढंच भांडण. लग्नं झाली, पोरं मोठी झाली, दोघांच्या डोक्यावरचं रान गेलं, भांडण तेवढं राहिलं. आता ते संपायला आलंय आणि मला ते संपू द्यायचं नाही. दोस्ताचे कान चाललेत.

त्याच्या मामाचं अजिंठ्याला दगडांचं दुकान होतं. लेण्या बघायला आलेल्यांना तो चमकते स्फटिक विकायचा. तिथं एका गोऱ्यानं दगडाच्या बदल्यात एक कॅसेट दिली. मामाला तिचा काय उपयोग, त्यानं भाच्याला देऊन टाकली. होस्टेलच्या खोलीत आम्ही ती लावली, तर पहिल्यांदा नुसता गोंधळ वाटला. ऐकून ऐकून कळलं की ह्यात तीन गिटारी आहेत. एक खाली ठेका धरते, दुसरी गाण्याला जबाब देते, आणि तिसरीचा तर विषयच वेगळा. बोटात काचेचं नळकांडं घालून तारांवरून घसरवत वाजवतात ती. बारीक, वरच्या पट्टीत, माहेरहून निघालेल्या बाईच्या हुंदक्यासारखी. दोस्त म्हणाला, "हे कापसाच्या गावचे लोक दिसतेत रं." कशावरून म्हणाला कोण जाणे, पण पुढं कळलं की त्यांच्याकडं खरंच कापूस पिकतो. तेव्हापासून तो स्वतःच्या कानाला लई मानायला लागला.

बँडचं पुढं जे झालं ते आपल्या भावकीत होतं तेच. तिसरी गिटार वाजवणारा भांडून निघून गेला, त्याच्या जागी नवा आला. ड्रमवाला बदलला. गाणारा वारला, तर त्याचा भाऊ माइकपुढं उभा राहिला. आता मूळचा माणूस एकच उरलाय, तोही खुर्चीवर बसून वाजवतो. दोस्ताचं म्हणणं, पहिले तीन अल्बम म्हणजे बँड, बाकी सगळा नावाचा धंदा. माझं म्हणणं, नवा आला तेव्हाच बँड खुलला.

मी त्याला म्हणायचो, "तुमच्या घरच्या तिफणीचे फण बदलले, दांडी बदलली, तरी तुम्ही तिला आज्याची तिफण म्हणता का नाही?"

"म्हणतो की. पण पेरा सरळ पडत असला तरच."

मी तापट माणूस, हरायला लागलो की आवाज चढवतो. त्यानं कधी चढवला नाही. "अरं, कान दे," एवढंच म्हणायचा आणि जुन्याचा तो तुकडा परत लावायचा. तिसरी गिटार जिथं शिरते तिथं, शिरायच्या जरा आधी, त्याचं बोट वर जायचं. मला लई राग यायचा त्या बोटाचा. आयुष्यात एकदा त्यानं म्हणावं, बाबा तुझंच खरं, एवढीच माझी मागणी होती.

डिप्लोमा करून दोघं वाळूजला चिकटलो. मी एका कारखान्यात माल तपासायला, तो दुसरीकडं प्रेस शॉपमधे. तिथं पत्र्यावर हत्तीएवढ्या मशिनी आपटत असतात आणि खाली पार्ट पडत असतात. पायाखालची फरशी हादरते. कानात घालायला सगळ्यांना बुचं मिळायची. हा गडी ती खिशात ठेवायचा. साहेब चक्कर मारायला आला की घालायची, त्याची पाठ फिरली की काढायची. कारण काय, तर बुचं घातली की डाय बोलत नाय. डाय म्हणजे ज्यावर पत्रा दाबतात तो पोलादी साचा. त्याला चीर जायच्या आधी ठोक्याचा आवाज किंचित बदलतो, आणि तो बदल ह्याला कळायचा. मशीन थांबवायचा, साचा वाचवायचा, शाबासकी घ्यायचा. रविवारी येऊन मला ऐकवायचा, "तिसऱ्या गिटारीनं कान तयार केलाय बघ." मलाही त्यात कौतुकच वाटायचं. बाकीचे कामगार गपगुमान बुचं घालून शिफ्ट काढायचे. कानाचा गर्व असलेल्या माणसालाच ही अवदसा आठवली.

मग बँडचा नवा अल्बम आला. मी रविवारी सकाळीच त्याच्या घरी धडकलो आणि फोन स्पीकरला जोडला. वहिनींनी पोहे आणून ठेवले. तो डोळे मिटून बसला होता. पहिलं गाणं संपल्यावर म्हणाला, "तिसरी गिटार काढून टाकली ह्यांनी."

"डोकं ठिकाणावर आहे का? सबंध गाण्यात तीच तर आहे."

"नाय. दोनच हायत."

मी फोनवर बँडचा फोटो शोधून दाखवला. स्टेजवर तीन माणसं, तिघांच्या गळ्यात गिटारी. तो म्हणाला, "फोटोत हाय, गाण्यात नाय."

माझं टाळकंच सरकलं. वाटलं, नव्याला नावं ठेवायची म्हणून हा आता नसलेलं बोलायला लागला. पोहे तसेच टाकून मी उठलो. वहिनी मागोमाग जिन्यात आल्या.

"भावजी, वाद नका घालू. यांना ऐकू येईना झालंय." मग त्यांनी पाण्याच्या दिवसाचं सांगितलं. आमच्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं. तोटीतून नुसती हवा फुसफुसली तरी सगळी गल्ली हंडे घेऊन धावते. "परवा नळ आला, टाकी भरून जिन्यातून पाणी वाहिलं, आणि हे मोटारीशेजारी पेपर वाचत बसलेले. मी रागानं बोलले तर म्हणतेत, तू हाक मारायची ना. घसा फुटूस्तोवर हाका मारल्या हो."

मी जिन्यातच बसलो.

कानाच्या डॉक्टरकडं मीच घेऊन गेलो. काचेच्या खोलीत बसवून त्याच्या कानाला शिट्ट्या ऐकवल्या. ऐकू आली की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होतो. सुरुवातीला अंगठा पटापट चालला. मग थांबला तो थांबलाच. चेहरा मात्र गाणं ऐकतानाचा होता, एकदम लक्ष लावून. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेलेत, रोजच्या दणक्यानं आतल्या नसा मेल्या, त्या परत येत नाहीत. अजूनही जातील. कानाला मशीन लावा, बोलणं थोडंफार कळेल. गाण्याचं विचारलं तर त्यांनी नुसती नकाराची मान हलवली.

मशीन आणलं. तर पिशव्यांची खसखस, भांड्यांचा खणखणाट तेवढा डोक्यात घुसायचा, आणि गिटार पत्र्यावर खिळा ओढल्यागत. त्यानं ते काढून खिशात ठेवलं. बुचं ठेवायचा त्याच खिशात. मी रागवायचं तरी कुणावर? कारखान्यानं बुचं दिली होती. ह्याच्यावर रागवावं तर ह्याचं तोंड बघवत नव्हतं. अजिंठ्याच्या त्या गोऱ्यावर रागवून बघितलं, तेही फार टिकलं नाही.

दोस्त अजून मानायला तयार नव्हता. म्हणाला, "शिट्ट्या गेल्या असतील, गिटार थोडीच जाती? ह्या फोनवाल्यांनी जुन्या गाण्यांतूनपण तिसरी काढलीय. आपली कॅसेट लावून बघू." म्हणजे त्यानं जुने अल्बमही लावून बघितले होते. मला काही न सांगता, एकट्यानं.

माझा टेप माळ्यावर पडून होता. शहागंजातल्या एका जुन्या कारागिराकडून पट्टा बदलून आणला. खरं सांगतो, तो दुरुस्त होऊ नये असं मला वाटत होतं. पण झाला, आणि चांगला झाला.

रविवारी कॅसेट लावली. तो टेपला टेकून बसला. ठेका सुरू झाला तशी त्याची मान डोलायला लागली. खालचं सगळं त्याला येत होतं. तो तुकडा जवळ आला. शिरायच्या जरा आधी त्याचं बोट वर गेलं, बरोबर जागेवर, होस्टेलात जायचं तसं.

आणि ती आली. इतक्या वर्षांची कॅसेट, पण स्वच्छ आली. माझ्या अंगावर काटा उभा राहिला. त्याचं बोट वरच होतं. तो वाट बघत होता. ती घसरत वर गेली, वळली, खाली उतरली, संपली. त्याचं बोट हळूहळू मांडीवर आलं.

"टेप घासली का रं?"

"व्हय," मी म्हणालो. "घासली असंल."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. माझ्या तोंडावरचं त्याला वाचता येतं, त्यासाठी कान लागत नाहीत. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे. तुझंच खरं. नवाच भारी. जुन्यात तसं काही नव्हतं, मी उगंच भांडत बसलो."

सबंध आयुष्य ज्याची वाट बघितली ते वाक्य हे. मी सरकून त्याच्या पुढ्यात गेलो आणि ओरडायलाच लागलो. जुनाच भारी. पहिले तीन अल्बम म्हणजे बँड, बाकी नावाचा धंदा. नव्याच्या हातात ती घसरणच नाही, पेरा सरळ पडत नाही त्याचा. सगळं त्याचंच, शब्दाला शब्द, इतक्या वर्षांत पाठ झालेलं. त्यानं एकदा म्हणावं, गप, तुला काय कळतंय. एकदा "कान दे" म्हणावं. वहिनी हातातली कणीक तशीच घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

तो हसऱ्या तोंडानं माझ्या ओठांकडं बघत होता आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होता.

मी थांबलो. दम लागला होता. मग एकेक शब्द सुटा करून विचारलं, "मी काय म्हणालो, सांग बरं."

"तेच की," तो म्हणाला. "नवा भारी."