टोपीतला एक नंबर

आमच्या आवारात बिऱ्हाडं चार आहेत, नळ एक आहे, आणि त्या नळाचा न्याय माझ्या टोपीतून होतो.

सोलापुरात पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं. आलं की थोडा वेळ जोरात वाहतं आणि मग म्हाताऱ्यासारखं खोकायला लागतं. ज्याचा पहिला नंबर, त्याची भांडी काठोकाठ भरतात. चौथ्याच्या वाट्याला नुसता खोकला. यावरून पूर्वी इतकी भांडणं व्हायची की शेवटी मीच तोडगा काढला. चार चिठ्ठ्यांवर एक ते चार आकडे लिहायचे, त्या माझ्या टोपीत टाकायच्या आणि दर पाण्याला प्रत्येक बिऱ्हाडानं एक उचलायची. येईल त्या नंबरानं पाणी भरायचं. तोडगा माझा, टोपी माझी, वयानं थोरला मी, म्हणून पहिली चिठ्ठी उचलायचा मानही माझा. (हे कुणी ठरवलं असं विचारू नये. मीच ठरवलं.)

तोडगा उत्तम होता. त्यात खोट एकच. चार नंबर मलाच यायचा.

पहिल्यांदा आला तेव्हा हसलो. दुसऱ्यांदा आला तेव्हा टोपी झटकून बघितली. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझी बायको मालन म्हणाली, "अहो, तुमी पयली उचलता म्हणून व्हतंय हे. शेवटाला उचला की."

मान सोडणं सोपं नसतं, पण पुढच्या पाण्याला सोडला. पलीकडच्या खोलीतली दुधनीची गौरव्वा, रिक्षावाला सलीमभाई आणि माझ्याबरोबर पावरलूमवर असलेला नरसय्या, तिघांनी आपापली चिठ्ठी उचलली. टोपीच्या तळाशी एक उरली. उघडली. चार.

त्याच सुमाराला माझी नात श्रावणी पायरीवर बसून नाणं उडवत होती. ही दहावीत आहे.

"धाव्वीत जाऊन नाणं खेळतीस व्हय गं?"

"अभ्यास हाय आज्जा. संभाव्यता. कुठली गोष्ट व्हायची किती शक्यता, ते काढायचं असतंय."

मी चौथी शिकलोय. चौथीत दोन वर्षं होतो, म्हणजे तसा पाचवीपर्यंत. तेव्हा पोरीला थोडं शिकवावं म्हणून शेजारी बसलो.

"सांग बघू. पाच डाव सारखा छापाच पडला. आता काय पडंल?"

"काय बी पडंल. निम्मं-निम्मं."

"चूक. काटा पडंल. छाप्याची पाळी हून गेली की."

"आज्जा, नाण्याला आठवण नसती."

"नाण्याला नसंल. वरच्याला असती."

"पेपरात वरच्याला मार्क न्हाईत," ती म्हणाली आणि नाणं सोडून माझ्या टोपीवर आली. "टोपीत चिठ्ठ्या चार. तुमाला एक नंबर यायची संभाव्यता चारात एक. पयली उचला न्हाय तर शेवटची, तेवढीच. आन मागं काय आलं, त्याचा काय संबंध न्हाय."

"संबंध कसा न्हाय? सारखा चार यायलाय. आता एकाचीच पाळी. मागावर धागा तीनदा तुटला की चौथ्यांदा तुटत न्हाय. जन्म गेला माझा चादरी विणण्यात."

"चौथ्यांदा बी तुटत असंल की. तवा तुमी चिडून मोजायचं सोडलं असंल."

मी म्हटलं, जा, चहा आण.

हे सगळं आवारातल्या आवारात राहिलं असतं, पण मधे आमच्या धाकट्या सुनेचं डोहाळजेवण आलं. सून मैंदर्गीची. तिचे वडील, म्हणजे माझे व्याही, यांच्या शेतात बोअर आहे आणि त्या बोअरला पाणी आहे. यापलीकडं त्यांच्यात काही विशेष नाही. पण भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "काय पाव्हणं, नळाला पाणी येतंय का नुसती हवाच?" लग्नात सुद्धा अक्षता पडायच्या आधी विचारला होता.

आमंत्रणाचा फोन मीच लावला.

"येतो की," व्याही म्हणाले. "येताना पाण्याचा टँकर घिऊन येऊ का?"

"कशाला? सकाळीच या. आंघोळी बी हितंच करा."

"समद्यांनी?"

"समद्यांनी."

फोन ठेवला तर मालन समोर उभी. "किती मान्सं येनार?"

"ते इचारलं न्हाय."

योग असा की पाण्याचा वार नेमका डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी आला. सकाळी शेजारी आपणहून दारात आले.

"चाचा, आज चिठ्ठी राहू दे," सलीमभाई म्हणाला. "तुमच्यात उद्या कार्यक्रम. पयला नंबर तुमीच घ्या."

"व्हय की तात्या, घ्या," गौरव्वा म्हणाली. नरसय्यानं नुसतीच मान हलवली. (तो मागाच्या खडखडाटात तीस वर्षं मान हलवूनच बोललाय.)

आता शहाण्या माणसानं काय करावं? घ्यावा की नंबर. मी म्हटलं, "दयेचं पाणी नगं. नेम म्हंजे नेम. आन आज चिठ्ठी टाकली तरी नंबर माझाच हाय."

नुसतं म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण आमच्या मोरीतल्या हौदात निम्मं पाणी शिल्लक होतं, मालननं काटकसरीनं राखलेलं. व्याह्यांनी शिळं पाणी प्यायचं म्हणजे उद्या साऱ्या मैंदर्गीला कळणार. नवीन पाणी आलं की शिळं ओतायचं, ही आमच्याकडं घरोघरची रीत. लोक नवीन पाणी आल्यावर ओततात. मी यायच्या आधी ओतलं. तेवढीच वेळेची बचत. हौद घासला, पुसला. ओतलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यात अंगण धुतलं, आणि त्यातूनही राहिलं त्यात पोराची मोटारसायकल धुतली.

"अहो, आदी चिठ्ठी तर उघडा," मालन मोरीच्या दारातून म्हणाली.

"उघडायची काय गरज? काय निघनार ते ठावं हाय मला."

श्रावणी उंबऱ्यात उभी राहून हे बघत होती. तिनं पायात चप्पल घातली आणि बाहेर निघून गेली. मला वाटलं, हरली बिचारी.

थोड्या वेळानं टोपी मधे ठेवली. मान पुन्हा माझाच. आत हात घालून चारी चिठ्ठ्या चाचपल्या. त्यातली एक जरा कोमट लागली. तीच उचलली, उघडली.

चार.

उलटी धरून बघितली. चार उलटा धरला तरी एक होत नाही.

"परत टाकायच्या का चाचा?" सलीमभाईनं विचारलं.

"नेम म्हंजे नेम," मी म्हटलं. पण आवाज नळासारखा आला.

नरसय्याचं भरलं, गौरव्वाचं भरलं, सलीमभाईचं भरलं. माझी पाळी आली तशी नळ दोनदा खोकला, बादलीच्या तळाशी थोडं गढूळ पाणी टाकलं आणि गप्प झाला. मी हौदात डोकावलो. तळाची फरशी चकचकत होती. इतक्या वर्षांत ती मी पहिल्यांदाच बघत होतो. छान होती.

स्वयंपाकघरातून मालनचा भाकरी थापायचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा येत होता. मी फोन हातात घेऊन कॉटवर बसलो. व्याह्यांना काय सांगावं? कार्यक्रम पुढं ढकलावा, तर सुनेचे दिवस काही पुढं ढकलता येत नाहीत. मी आजारी पडावं, तर व्याही बघायला येणार, आणि आले की आंघोळ करणार.

एवढ्यात अंगणात गडगड आवाज झाला. सलीमभाई पाण्यानं भरलेलं पिंप बुडाच्या काठावर तिरकं करून फिरवत आणत होता. त्याच्या मागं दोन घागरी घेऊन गौरव्वा. तिच्या मागं नरसय्या आणि त्याचा पोरगा, मधे एक भलं मोठं पातेलं धरून.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमचं पानी," गौरव्वा म्हणाली. "सरका तात्या, हात दुखायलेत."

"मला चार येनार, हे तुमाला कसं ठावं?"

"ठावं कुटं व्हतं?" सलीमभाईनं पिंप टेकवलं. "सकाळी श्रावणी बेटी आली व्हती. म्हनाली, चारात तीन हिस्से आज्जाचा पयला नंबर हुकनार हाय. तवा प्रत्येकानं आमच्यासाठी एक-एक जादा भांडं भरा. हिशेब पटला, भरलं."

मी श्रावणीकडं वळलो. "आन एक आला असता तर?"

"तर त्यांनी आपापलं पाणी वापरलं असतं. कुनाचंच नुकसान न्हाय. ते बी सांगून ठिवलं व्हतं."

"मला का न्हाय सांगितलं?"

"तुमी आयकायची संभाव्यता काढली व्हती आज्जा," ती म्हणाली. "शून्य आली."

मालनच्या भाकरीचा आवाज थांबला. आतून हसण्याचा आला.

दुसऱ्या दिवशी व्याही आले. भावकी, मेहुणे आणि त्यांचे शेजारी धरून एक टमटम आणि एक जीप भरून आले. व्याह्यांनी मोजून दोन बादल्या अंगावर घेतल्या. सुनेची ओटी भरली, पंगती उठल्या, ताटं घासली गेली, तरी पिंपात पाणी होतं. जाताना व्याही सुपारी कातरत म्हणाले, "पाव्हणं, लई पाणी हाय की तुमच्यात."

"हायच की," मी मिशीवर हात फिरवत म्हटलं.

मागं श्रावणी खोकली. हुबेहूब नळासारखी.

त्यानंतरच्या पाण्याला पुन्हा टोपी मधे ठेवली. हात घातला, उचलली, उघडली. एक. ती चिठ्ठी मी आधी सलीमभाईला दाखवली, मग गौरव्वाला, मग नरसय्याला, आणि शेवटी श्रावणीला अभ्यासावरून उठवून दाखवली. "बघ. पाळी आली का न्हाय एकाची? कोन म्हनत व्हतं, आठवण नसती?"

घरातली सगळी भांडी बाहेर काढून नळाखाली मांडली. हौद पुन्हा घासला. (आतलं पाणी अर्थातच ओतलं.) आणि नळाजवळ स्टूल टाकून बसलो. ऊन अंगणात आलं, भिंतीवर चढलं, पलीकडं उतरलं. मग सलीमभाई रिक्षा घेऊन परत आला आणि म्हणाला, "चाचा, उठा. तिकडं मोठी पाइपलाइन फुटली. आज पानीच येनार न्हाय."

श्रावणी पायरीवरून बघत होती. "आज्जा, पाणीच न यायची संभाव्यता धरली व्हती का?"

मी चिठ्ठी खिशात ठेवली, टोपी डोक्यावर घातली आणि बसून राहिलो. कोरड्या नळापुढं का असेना, पण पहिला नंबर माझा होता. आणि रांगेत माझ्या मागं कुणीही नव्हतं.