विजूदादाच्या पुंगळ्या

विजूदादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी बॉटनीच्या मॉलमध्ये जँडल्स, म्हणजे रबरी चपला, बदलून घ्यायच्या रांगेत उभी होते. फोन रॉसचा होता. हॅमिल्टनला दादाच्या घराला लागूनच त्याचं घर. युटमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत, सामान ठेवता ठेवता दादा ड्राइव्हवेवर कोसळला, अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं, असं तो सांगत होता आणि मी रांग न सोडता पुढे सरकत होते. तो रविवार होता आणि मी दादाकडे जाणार होते. सकाळीच मेसेज टाकला होता, या वेळी नाही जमत म्हणून... त्याला आता सहा आठवडे झाले.

दादा माझा आतेभाऊ. या अख्ख्या परक्या देशात माहेर म्हणावं असं माझं तेवढंच. भोसरीच्या एका टूलरूममध्ये त्याचा हात तयार झाला, आणि इथे दुधाच्या मशिनरीच्या कंपनीतून तो निवृत्त झाला. मूलबाळ नव्हतं. वहिनी गेल्यावर तो घरात फक्त झोपायला जायचा, बाकी मुक्काम गॅरेजमध्ये. रॉसने त्याला रायफल क्लबात नेलं, लायसन्स काढायला लावलं, आणि कांदा-लसूणही न चालणाऱ्या आमच्या घराण्यातला हा माणूस चक्क काडतुसं भरायला लागला. तीही साधीसुधी नाहीत. त्याच्या रायफलचं काडतूस कुठलीच कंपनी बनवत नसे. अशा घरी घडवलेल्या काडतुसाला इथे वाइल्डकॅट म्हणतात. दादा 'माझं रानमांजर' म्हणायचा. बाजारात मिळणाऱ्या दुसऱ्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, तिचं तोंड ज्योतीवर तापवून मऊ करायचं, डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मान बारीक करायची, वाढलेली लांबी कापायची. एवढं करूनही ती अर्धवटच. त्या रायफलमधून एकदा झाडली की आतल्या दाबाने फुगते आणि तिला त्या रायफलचं माप येतं. मग ती दुसरीकडे कुठेच बसत नाही. हे सगळं दादाने मला निदान चार वेळा समजावलं, आणि चारही वेळा मी घड्याळाकडे बघत ऐकलं.

वापरलेल्या पुंगळ्या तो चिंचेच्या पाण्यात घासायचा. आई समया अशाच घासायची, म्हणायचा. चिंच मी पापाटोएटोच्या इंडियन दुकानातून घेऊन जायची. त्या कारखान्याला माझा हातभार तेवढाच. मी नर्स, मला बंदुकीचा मनापासून तिटकारा. खरं तर दादाने इतक्या वर्षांत दोनच हरणं मारली, दोन्ही रॉसला देऊन टाकली आणि घरी येऊन वरण-भात खाल्ला. बाकी सगळा नेम क्लबच्या रेंजवर, कागदी निशाणांवर. पण नावडतं म्हटलं की जायचं टाळायला बरं पडतं.

वहिनींचे दिवस झाले तेव्हा मी कबूल केलं होतं, एक रविवार सोडून एक येत जाईन. सुरुवातीला गेलेही. मग ड्युटी आडवी आली, मग लेकीचं स्विमिंग. "मम, इट्स हीप्स फार," म्हणजे खूपच लांब, असं ती म्हणायची, आणि तिला पुढे करून मी सुटायची. दादा कधी रागावला नाही. "बेबी, पुढच्या रविवारी ये. रेंजवर जाऊ. तू नुसती बस," एवढंच म्हणायचा. त्रेपन्नाव्या वर्षी मला बेबी म्हणणारा तो एकटाच उरला होता.

रीतसर कागदपत्रं होऊन रायफल रॉसकडे गेली. त्यानंतर त्याचा पुन्हा फोन आला. काडतुसं भरायची दादाची वही त्याच्या हाती लागली होती आणि तिच्यातले सगळे आकडे देवनागरीत होते. रॉस आधी ४ला इंग्रजी आठ समजला होता आणि १ला नऊ. पावडरच्या वजनात अशी गल्लत झाली तर रायफल हातात फुटते, आणि रॉस अंदाजपंचे काही करणारा माणूस नव्हे. मला वही वाचून दाखवशील का, असं त्याने अगदी संकोचाने विचारलं. मागच्या शनिवारी मी गेले. इतकी वर्षं मला लांब वाटणारा रस्ता दीड तासात संपला.

गॅरेजमध्ये दोन स्टुलांवर बसून मी वाचत होते आणि रॉस नव्या वहीत उतरवून घेत होता. तारीख, पावडर, पुंगळी कितव्यांदा भरली. शेवटचा रकाना शेऱ्याचा. 'वारा डावीकडून.' 'मान चिरली, दोन बाद.' आणि मग, 'बेबी आली नाही.' मी तो शेरा गाळून पुढे गेले. पुढच्या पानावर पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही पानावर... अक्षर कळत नसलं तरी तेच तेच शब्द रॉसच्या लक्षात आले असावेत. त्याने बोट ठेवून विचारलं, हे काय? मी सांगितलं.

रॉसने पेन खाली ठेवलं. "मग ती मुलगी आहे कुठे?" त्याने विचारलं. "विजय दर रविवारी म्हणायचा, बेबी येणार आहे. मला वाटलं, नात्यातली कुणी लहान मुलगी असेल."

"ती मी," म्हटलं.

रॉसने उठून फळीवरून काहीतरी आणलं. लहान मुलांचे इअरमफ्स होते, गुलाबी, गोळीच्या आवाजाने कान दुखू नयेत म्हणून घालतात ते. त्यानेच आणून दिले होते, त्या मुलीसाठी. विजय खूप हसला होता, पण चूक काही सुधारली नव्हती. उलट रेंजवर निघताना दर वेळी ते युटमध्ये पुढच्या सीटवर ठेवायचा.

"त्या दिवशीसुद्धा तिथेच होते," रॉस म्हणाला. "मीच आत आणून ठेवले."

म्हणजे माझा मेसेज वाचल्यावरही...

मी ते डोक्यावर चढवून पाहिले. कानांपर्यंत पोहोचले नाहीत.