चार तारांचं तुणतुणं

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई चारचौघांत सांगते. मला राग येतो, कारण ते खरं आहे. साताऱ्यातल्या नोकरीत शनिवार उजाडला की चित्त थाऱ्यावर राहत नाही. पाठीवर सॅक, सॅकला लटकवलेली युकुलेली, म्हणजे चार तारांची चिमुकली गिटार, आणि सुटायचं. युकुलेलीचं वजन काहीच नाही, म्हणून नेतो. येतात दोन गाणी, तीही अर्धी. पुढचं आठवेपर्यंत मी उठून चालायला लागलेला असतो.

पलूसला आईकडे मात्र सात महिने गेलो नव्हतो. तिचा फोन आला की म्हणायचं, "चढ आहे, नंतर करतो." सपाटीवरसुद्धा.

त्या हिवाळ्यात दहिवडीच्या पुढे माळावरून चाललो होतो. पाणी संपलं म्हणून एका एकट्या घरापुढे थांबलो. अंगणात म्हातारी शेळ्यांना पाला टाकत होती. माझ्या पाठीकडे बघून तिनं पदर सावरला.

"गोंधळी हायसा न्हवं?"

"न्हाई मावशी, मी आपला..."

"मग तुणतुणं कशाला?" तिनं बोटानं तारा मोजल्या. "चार तारा! लय सुधारलं की समदं."

मला हसू आलं. तिथंच चुकलं. हसणं तिला होकार वाटला. पाण्याचा तांब्या देऊन ती आत गेली आणि सुपात शाळू घेऊन आली, वर हळदकुंकवाची चिमूट. सॅकचं तोंड तिनंच उघडलं आणि ओतला.

"पोरगं मुंबईला हाय. दिवाळीपासनं फोन उचलत न्हाई. देवीफुडं त्येचं नाव घ्या."

खरं सांगायला हवं होतं. शप्पथ, अगदी ओठांवर आलं होतं. पण ती हात जोडून उभी होती. मी उंबऱ्यापाशी बसलो, येत होतं तेवढं वाजवलं आणि तिला विचारून त्या पोराचं नाव घेतलं. एकदा घेऊन तिचं समाधान होईना. पाचदा घेतलं.

"आता येतंय," ती म्हणाली. "गोंधळ्यानं नाव घेतल्यावर येतंयच."

पुढे रस्ताभर जिवाची नुसती तगमग. लबाड कुठला! दान घेतलं आणि सटकला. पाठीवर तो शाळू युकुलेलीपेक्षा कितीतरी जड लागत होता. एसटी मिळाली तसा साताऱ्याऐवजी पलूसला गेलो.

इतके दिवस कुठं होतास, हे आईनं विचारलं नाही. शाळू दळून आणला, भाकरी थापायला बसली.

"कुणी दिला रं?"

सगळं सांगितलं, तिला हसवायला. म्हातारीची नक्कलही केली. आई हसली नाही. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली.

"मग त्यांचं पोरगं आलं का?"

मला काय माहीत? मी म्हातारीचा फोन नंबरसुद्धा घेतला नव्हता.

आईनं भाकरी माझ्या ताटात टाकली. "जेव," ती म्हणाली, "आन् जा. बघून ये."